स्वतःचा पहिला रेग्युलेटर घ्यायचाय: पिस्टन की डायफ्रॅम, डिन की योक?

मुळाकाठची_मासोळी (पुणे)

नमस्कार मंडळी. स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स हॅवलॉकला केला, ॲडव्हान्स्ड नेत्राणीला. आता दिवाळीनंतर अंदमान नाहीतर लक्षद्वीप, आणि अधूनमधून जोडून सुट्टी आली की मालवण किंवा ग्रँड आयलंड असं चालू आहे. मास्क, फिन्स, कॉम्प्युटर माझे आहेत. भाड्याच्या रेग्युलेटरचा (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारा सेट) मात्र आता वीट आलाय. मागच्या वेळी मिळालेला प्रत्येक श्वासाबरोबर थोडं थोडं खारं पाणी पाजत होता, आणि माउथपीस एवढा ढब्बू की वर आल्यावर जबडा धरून बसले.

चुलतभाऊ श्टुटगार्टला असतो, दिवाळीत येणार आहे, तो आणेल. बजेट साठ हजार, अगदीच ताणलं तर सत्तर. डोळ्यासमोर तीन आहेत: स्कूबाप्रो एमके-२ सोबत आर-०९५, स्कूबाप्रो एमके-२५ सोबत एस-६२० (हा बजेटबाहेर जाईल असं दिसतंय), आणि एपेक्सचा एक्सटीएक्स-५०. इथल्या एका दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "मॅडम, बॅलन्स्डच घ्या, श्वास लोण्यासारखा येतो." माहितीपत्रकातले आलेख बघून तर आणखीच डोकं गरगरलं.

पिस्टन की डायफ्रॅम? टाकीला जोडायला डिन की योक? आणि एकच गोष्ट बघून घ्यायचा झाला, तर ती कोणती?

डेक्कनवरचा_पाणबुडा (पुणे)

घेऊच नका. कॉम्प्युटर आहे ना? मग झालं. ऑक्टो (सोबत्यासाठीचा जादा तोंडाचा भाग), गेज धरून अडीच-तीन किलोचं धूड विमानात सात किलोच्या केबिन बॅगेत कोंबायचं, आल्यावर बाथरूममध्ये वाळत घालायचं, घरच्यांचे टोमणे ऐकायचे, आणि वर सर्व्हिसिंगचा खर्च. डाइव्हच्या पैशात सेंटरवाला रेग्युलेटर देतोच. या साठ हजारांत लक्षद्वीपची आणखी एक ट्रिप बसते. फार तर स्वतःचा माउथपीस घेऊन जा आणि तिथे बदलून मागा. माझा वैयक्तिक सल्ला, पटला तर घ्या.

ओरिंगवाला (मालवण)

ताई, आधी त्या खाऱ्या पाण्याचा निकाल लावू, कारण त्यात मॉडेलचा दोष नसणार. रेग्युलेटर पाणी पाजायला लागला की मी दोन जागा बघतो. पहिली, माउथपीस जिथे सेकंड स्टेजवर, म्हणजे तोंडाजवळच्या भागावर, चढवून झिपटायने (प्लॅस्टिकच्या पट्टीने) आवळलेला असतो ती. ट्राय-डाइव्हला आलेले पाहुणे घाबरून माउथपीस इतका चावतात आणि ओढतात की रबराला बरोबर झिपटायच्या कडेला चीर जाते. वरून काही दिसत नाही. माउथपीस बोटांनी एका बाजूला वाकवून ताणला की चीर तोंड उघडते. पुढच्या वेळी भाड्याचा सेट हातात आला की हे बोटीवरच करून बघा, पाण्यात नको. दुसरी जागा म्हणजे खालची एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, सिलिकॉनची पातळ चकती. आमच्याकडची वाळू बारीक. एक कण जरी चकतीच्या कडेखाली बसला तरी श्वास आत घेताना तिथून पाणी येतं. पाण्याखाली असाल तर जोरात उच्छ्वास सोडा, कण बहुधा उडून जातो.

जबड्याचंही तसंच. मूळ माउथपीस न आवडणं हे रेग्युलेटर नाकारायचं कारण नव्हे. गरम पाण्यात टाकून आपल्या दातांच्या मापाने चावून बसवायचे माउथपीस मिळतात, ते बहुतेक सगळ्या सेकंड स्टेजवर चढतात. शिवाय होझ (हवेची नळी) आखूड असेल किंवा खांद्यावरून वेडीवाकडी आली असेल, तर ती सेकंड स्टेजला एका बाजूला ओढत राहते आणि आपण न कळत दात आवळून धरतो. जबडा त्याने दुखतो.

आता खरेदी. एकच गोष्ट बघायची म्हणालात तर माझा प्रश्न असा: हा उघडणार कोण?

मी रेग्युलेटर सर्व्हिसिंगचं काम करतो. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की सेंटरवाल्यांचे सेट माझ्याकडे गोणीने येतात. ओव्हरहॉल म्हणजे पुसून, वंगण लावून परत जोडणं नव्हे. ओ-रिंगा (रबरी कड्या), हाय प्रेशर सीट (झडप बंद करणारी गादी), फिल्टर, सेकंड स्टेजची सीट हे सगळं नवीन टाकायचं, मग प्रेशर लावून पुन्हा जुळवायचं. कंपन्या वर्षातून एकदा किंवा १०० डाइव्हनंतर म्हणतात, काही दोन वर्षं चालू देतात, ते मॅन्युअलमध्ये असतं. पण या सुट्या भागांचं किट बहुतेक कंपन्या फक्त आपल्या अधिकृत टेक्निशियनला देतात. म्हणजे तुम्ही जर्मनीहून सुंदर, नावाजलेला सेट आणलात आणि त्या कंपनीचा किटवाला माणूस इथे नाही, तर पुढच्या वर्षी तो सेट कपाटात. म्हणून भावाला पैसे पाठवायच्या आधी फोन करा. पुण्याहून पोचता येईल किंवा कुरिअर करता येईल अशा टेक्निशियनला मॉडेलचं नाव सांगून सरळ विचारा: या मॉडेलचं किट आत्ता तुमच्याकडे आहे का? "मागवून देऊ" म्हणाला तर किती दिवसांत ते विचारा. तुमच्या यादीतल्या दोन्ही कंपन्या नामांकित आहेत, पण नामांकित असणं वेगळं आणि किट हाताशी असणं वेगळं.

सर्व्हिसिंगला एवढा भाव का देतो तेही सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक फर्स्ट स्टेज, म्हणजे टाकीवर बसणारा भाग, आला. वरून झकपक, क्रोम चमकतोय. टाकीला लागतो त्या तोंडातून आत बघितलं तर फिल्टर हिरवागार. फिल्टर म्हणजे धातूची भुकटी दाबून केलेली छोटी टोपी. नवीन असताना एकसारखा दिसतो. हिरवा म्हणजे खारं पाणी आत गेलं आणि पितळ खायला लागलं. तांबूस असेल तर लोखंडी टाकीतला गंज येतोय. गिऱ्हाईकाला विचारलं, धुता कसा? तर म्हणे बादलीत बुडवून पर्ज बटण दाबून दाबून धुतो, आत-बाहेर स्वच्छ व्हायला नको? शिरा पडली त्या बटणावर! टाकी लावलेली नसताना पर्ज दाबला की सेकंड स्टेजची झडप उघडते आणि पाणी होझमधून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. धुताना डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं झाकण) घट्ट, पर्जला हात नाही, एवढं पाळलंत तरी माझं अर्धं काम कमी होईल.

पिस्टन-डायफ्रॅम. फर्स्ट स्टेजचं काम सगळ्यांत सारखंच: टाकीतले २०० बार उतरवून भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण ९-१० बार जास्त एवढ्यावर आणायचे आणि होझमध्ये सोडायचे. साध्या पिस्टनमध्ये सुटे भाग कमी, म्हणून तो दणकट आणि सर्व्हिसला स्वस्त. सेंटरवाले एमके-२ सारखे सेट ठेवतात ते उगाच नाही. पण पिस्टनची स्प्रिंग ज्या खोलीत असते तिथे समुद्राचं पाणी येतं-जातं, त्याच्याबरोबर मीठ आणि गाळही. सील्ड डायफ्रॅममध्ये रबरी पडद्यामुळे पाणी बाहेरच थांबतं. मालवणात किल्ल्याच्या आसपास उतरलात आणि लाट असली की पाणी कसं ढवळतं ते तुम्ही बघितलंय. अशा पाण्यात वारंवार उतरणाऱ्याला मी डायफ्रॅम सांगतो. फक्त अंदमानच्या स्वच्छ पाण्यात जाणार असाल आणि घरी आल्यावर नीट भिजत घालायची सवय असेल तर पिस्टनने काही बिघडत नाही.

आणि ते लोणी! एमके-२ अनबॅलन्स्ड आहे, म्हणजे टाकी संपत आली की श्वास किंचित जड होतो. किंचितच. आलेखांचं म्हणाल, तर युरोपच्या ईएन-२५० नियमात यंत्राला ५० मीटर खोलीवर मिनिटाला ६२.५ लिटर हवा ओढायला लावतात आणि लिटरमागे ३ जूलपेक्षा जास्त कष्ट पडता कामा नयेत अशी अट आहे. तुम्ही १८ मीटरवर शांतपणे मासे बघत असता तेव्हा यातलं काहीच घडत नसतं. अर्थात ३० मीटरवर हवा चौपट दाट होते, तिथे प्रवाहाविरुद्ध पाय मारायची वेळ आली की बॅलन्स्डचा फरक जाणवतो. ॲडव्हान्स्ड झालंय, खोल जाणार आहात, तेव्हा पैसे पुरत असतील तर बॅलन्स्ड घ्या. पण त्यासाठी बजेट फोडू नका.

डिन-योकचं संध्याकाळी लिहितो, बोट आली.

लेस्टरचा_कोल्हापुरी (इंग्लंड)

लई भारी लिहिलंय ओरिंगवाले. तुमचं पाणी २८ अंशांचं, त्यामुळे एक मुद्दा तिकडे कुणाला सुचणारच नाही: थंडी.

मी इथे जवळच्या स्टोनी कोव्हला उतरतो. जुनी दगडाची खाण, आता पाण्याने भरलेली. हिवाळ्यात पाणी पाच-सहा अंशांवर येतं. टाकीतली हवा एकदम प्रसरण पावली की गार पडते, आणि भोवतालचं पाणी आधीच एवढं गार असेल तर फर्स्ट स्टेजच्या स्प्रिंगभोवती बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि हवा धो धो वाहायला लागते. फ्री-फ्लो. भरलेली टाकी काही मिनिटांत रिकामी. माझ्या शेजारी एकाचं झालं तेव्हा बुडबुड्यांत त्याचा चेहरा दिसेना. वाहत्या हवेतूनच घोट घोट श्वास घेत, माझा हात धरून तो वर आला. कोर्समध्ये शिकवतात ते अशा वेळी खरंच उपयोगी पडतं.

ताई, भाऊ श्टुटगार्टला आहे म्हणजे एखाद्या उन्हाळ्यात तो तुम्हाला बोडनझे तळ्यावर नेणारच. तिथे वर पाणी कोमट असलं तरी खाली तीसेक मीटरवर भर उन्हाळ्यातही चार-पाच अंशच. तेव्हा रेग्युलेटरवर "१० अंशांपेक्षा जास्त" असा शिक्का असेल तर तो थंड पाण्यासाठी नाही एवढं लक्षात ठेवा. थंडीची सोय केलेले पिस्टनही मिळतात, पण इकडे बहुतेकांकडे सील्ड डायफ्रॅम दिसतात, आणि एपेक्स तर लँकेशरमधलीच कंपनी, त्यामुळे तिचे सेट पावलोपावली. जर्मनीत थंड पाण्यात दोन व्हॉल्व्हची टाकी आणि दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज लावायची रीत आहे, ते तिथे भाड्याने घ्या.

तिकडे कधी जाणारच नसाल तर माझी पोस्ट विसरून जा, थंडीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

मुळाकाठची_मासोळी (पुणे)

बापरे, किती शिकायला मिळालं! बोडनझेचं भाऊ खरंच म्हणत होता, मी हसण्यावारी नेलं होतं.

ओरिंगवालेदादा, सकाळी दोन ठिकाणी फोन केले. एकाकडे एक्सटीएक्स-५० चं किट आहे म्हणाला, दुसरा म्हणाला "सगळ्यांचं करतो मॅडम, कंपनी कुठलीही असू दे". दुसऱ्याचं ऐकून जरा धडकीच भरली.

आणखी शंका: १) टायटॅनियमचा हलका येतो म्हणतात, विमानासाठी बरा का? २) ऑक्टो स्वस्तातला चालेल का, तिथे थोडे पैसे वाचवता येतील. ३) ऑफिसमधला एकजण जुना सेट विकतोय, चार वर्षं वापरलाच नाही म्हणतो, "नव्यासारखा". अठरा हजार.

डेक्कनवरचा_पाणबुडा (पुणे)

ऑक्टो स्वस्तातलाच घ्या. तो खिशाला अडकवून हिंडायचा असतो, कोण श्वास घेतो त्यातून?

ओरिंगवाला (मालवण)

दुसऱ्या माणसाकडे देऊ नका. सगळ्यांचं करतो म्हणणारा बाजारातल्या ओ-रिंगा टाकतो.

पाणबुडेसाहेब, ऑक्टोतून कोण श्वास घेतो? ज्याची हवा संपलीय तो. घाबरलेला, धापा टाकणारा. म्हणजे सगळ्या पाण्यात सगळ्यात जोरात हवा ओढणाऱ्या माणसाच्या तोंडात तुम्ही सगळ्यात हलक्या प्रतीचा रेग्युलेटर देणार. त्याला हवा पुरली नाही तर तो तुमच्या तोंडातला हिसकावेल. रेग्युलेटरवर ईएन-२५० च्या पुढे "ए" असं अक्षर असेल तर तो फर्स्ट स्टेज ३० मीटरपर्यंत दोघांना एकदम पुरेल असं तपासलेलं असतं. ते अक्षर बघून घ्या. ऑक्टो त्याच कंपनीचा, साधा, नॉब नसलेला घ्या, म्हणजे सर्व्हिसला किटही एकाच माणसाकडे मिळतं. जरासा घट्ट जुळवलेला असतो, कारण तो लोंबकळताना आपोआप वाहायला नको. घट्ट म्हणजे निकृष्ट नव्हे.

टायटॅनियम: हलका आहे, गंजत नाही, महाग आहे. ४० टक्क्यांपेक्षा जास्त ऑक्सिजनला चालत नाही, तुम्हाला तेवढं लागणारही नाही. पण साठ हजारांत टायटॅनियम शोधत बसण्यापेक्षा बॅगेतला हेअर ड्रायर काढा, वजन तेवढंच वाचेल.

जुना सेट. "वापरलाच नाही" ऐकलं की मला शंका येते. सेकंड स्टेज पडून असली तरी आतली स्प्रिंग सीटला सतत दाबून धरते, आणि रबराच्या सीटवर गोल खळगा पडतो. ॲटॉमिकसारख्या कंपनीने टाकी सुटली की हा दाब आपोआप काढणारी रचना केलीय ती याचसाठी. शिवाय चार वर्षं बंद बॅगेत पडलेल्या होझा. विणलेल्या होझा असतील तर आणखी सावध, काही जुन्या होझांच्या आतल्या अस्तरात उष्ण हवेत स्फटिक धरून हवा अडल्याचे प्रकार झालेत.

तरीही बघायला जाणार असाल तर असं करा. डस्ट कॅप घट्ट लावा, टाकी लावू नका, आणि माउथपीसमधून हलकेच हवा ओढा. काहीही येता कामा नये, जीभ चिकटल्यासारखी राहिली पाहिजे. हवा आली तर कुठेतरी गळती. पुढे फिल्टर बघा, वर सांगितलंय. मग टाकी लावून बीसीडीच्या (हवा भरायच्या जॅकेटच्या) होझला आयपी गेज (होझमधला दाब मोजणारा) जोडायला सांगा. काटा ९-१० बारच्या आसपास येऊन तिथेच खिळला पाहिजे. हळूहळू वर सरकत राहिला तर हाय प्रेशर सीट गेलीय. त्या माणसाकडे गेज नसणार, टेक्निशियनकडे न्यावंच लागेल. ओव्हरहॉल आणि होझांचा खर्च त्या अठरा हजारांत मिळवा, मग ठरवा. आणि मॉडेल बंद झालं असेल तर विषयच संपला.

हां, डिन-योक. डिन टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसवतात, योक वरून शिकंज्यासारखा आवळतात. अंदमान, मालवण, गोवा, मालदीव, थायलंड, सगळीकडे ११ लिटरच्या ॲल्युमिनियमच्या टाक्या आणि बहुतेक योक. भाऊ जर्मनीत दुकानात गेला तर त्याच्या हातात डिनच ठेवतील. हरकत नाही, माझं मतही डिनच आहे. योकमध्ये ओ-रिंग टाकीच्या तोंडात असते, म्हणजे ती नवीन की फाटकी हे सेंटरवाल्याच्या मर्जीवर. डिनमध्ये ओ-रिंग तुमच्या रेग्युलेटरवर, तुम्ही बदलाल तशी. बोटीवर टाकी उघडल्यावर फुस्स करून उडते ना, ती योकची. मात्र सोबत योकचा ॲडॅप्टर घ्याच. अनेक टाक्यांच्या व्हॉल्व्हमध्ये एक पितळी इन्सर्ट असतो, तो ॲलन कीने काढला की डिन थेट बसतो. पण जुन्या टाक्यांना तशी सोय नसते. ॲडॅप्टर लावला की फर्स्ट स्टेज दोन-तीन बोटं मागे येतो, वर बघताना डोक्याला लागतो, तेवढं सोसावं लागतं.

मुळाकाठची_मासोळी (पुणे)

ठरलं मग. एक्सटीएक्स-५०, डिन, त्याच कंपनीचा साधा ऑक्टो, ॲडॅप्टर वेगळा. ऑफिसमधल्या माणसाला नाही म्हणून कळवते. पाणबुडेसाहेब, तुमची लक्षद्वीपची ट्रिप पुढच्या वर्षी.

दादा, भावाने आणला की पहिल्यांदा तुमच्याकडे दाखवायला आणू का, की नवीन आहे तर गरज नाही?

ओरिंगवाला (मालवण)

आणा. नवीन सेटचाही आयपी एकदा बघून घेतलेला बरा, पाच मिनिटांचं काम. होझ किती लांबीच्या आल्यात तेही बघू, तुमच्या बीसीडीवर घालून. नोव्हेंबरात या, पाणी तोवर निवळतं. शनिवार-रविवार नको, गर्दी असते. आणि येताना वॉरंटीचं कार्ड आणि बिल आणा, सिरीयल नंबर लिहून ठेवायचा असतो.